पोरांना घेऊन दोन रात्री बाहेर: पहिल्यांदा निवासी नाट्यशिबिर नेणाऱ्या सर-मॅडमसाठी

सगळ्यात आधी एकच ठरवा, एक रात्र की दोन. गाडी, जेवण, पैसे हे सगळं त्याच्या मागून येतं. मी तर म्हणेन दोनच. एका रात्रीत काय होतं माहितीये का, पोरं पोचतात दुपारी तीनला, खिडकीची जागा कोणाला मिळाली यावरून लागलेली भांडणं तोवर चालूच असतात, संध्याकाळी तुम्ही म्हणता चला काहीतरी करून दाखवा आणि ते करून दाखवतात सिरीयलमधल्या सासूसारखं नाहीतर रीलमधल्या दादासारखं, रात्री कोणी झोपत नाही, आणि सकाळी पोहे खाऊन परत गाडीत. झालं शिबिर! दोन रात्री असल्या की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांचा घसा बसलेला असतो, अंग आंबलेलं असतं, भाव मारायची ताकद संपलेली असते, आणि तेव्हा कुठं पोरगं स्वतःच्या आवाजात बोलायला लागतं. सगळा खटाटोप त्या दुसऱ्या संध्याकाळसाठी करायचा असतो, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलला मराठी शिकवते. नाटकाचं सर्टिफिकेट वगैरे काही नाही माझ्याकडं. आठवी-नववीच्या पोरांना घेऊन पाच वेळा गेले, त्यातली पहिली दोन शिबिरं फसली, का फसली ते येईलच खाली.

पायरी १: वर्ग, आकडा, तारीख

दहावीला नेऊ नका, क्लासवाले आणि पालक दोघं मिळून तुमचं डोकं खातील. आठवी-नववी बेस्ट. आकडा धरायचा एका गाडीचा. एसटीच्या साध्या गाडीत साधारण ४४ सीट येतात, त्यात ३६ पोरं, चार मोठी माणसं आणि उरलेल्या सीटवर तांदूळ-डाळीच्या पिशव्या. ३६ च का, तर दोनचे, तीनचे, चारचे, सहाचे, नऊचे कसेही गट पाडा, कोणी उरत नाही. उरलेलं एक पोरगं भिंतीला टेकून बघत बसतं ना, ते मला अजिबात बघवत नाही, म्हणून हा हिशोब.

तारीख दिवाळीनंतर लगेच धरू नका. तेव्हा कापूस वेचणीला अर्धा वर्ग शेतात असतो आणि मजूर मिळत नसताना आईबापाला पोराला पाठवा हो म्हणणं बरोबर पण वाटत नाही. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा नाहीतर जानेवारीचा पहिला आठवडा. फेब्रुवारीत परीक्षांची गडबड, आणि मार्चनंतर आपल्याकडं पारा ४५ कडं निघतो तेव्हा शिबिराचं नावच काढू नका. शहादा-दोंडाईचा रोडनं जाणार असाल तर दत्तजयंतीच्या आसपासचे दिवस टाळा, सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार असतो, तिथं गाडी अडकली की पोरं खूश आणि तुम्ही रडकुंडीला.

पायरी २: जागा, आणि जागा बघायला स्वतः जाणं

खान्देशात जागांना तोटा नाही. तोरणमाळ सगळ्यात सुंदर, सातपुड्यात उंचावर, यशवंत तलाव, सीताखाई, सकाळचं धुकं, पण शहाद्याहून पुढं घाट आहे, अर्ध्या गाडीला उलट्या होतात, थंडी जबरी, आणि मोठा दवाखाना म्हणाल तर खाली उतरूनच. पहिल्याच वेळेला तोरणमाळ नको. एकदा दुसरीकडं नेऊन हात बसला की मग जा. रावेर तालुक्यातलं पाल जळगाव-भुसावळकरांना सोयीचं, यावल अभयारण्याच्या कुशीत आहे, जवळ सुकी नदीचं धरण. धरण म्हटलं की पोरांचे पाय वळवळतात, त्यामुळे पाण्याकडं जायचं की नाही हे घरूनच ठरवून जायचं, तिथं गेल्यावर नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे, नाही. लांबून बघायचं.

माझी आवडती जागा पाटणादेवी. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटर, गौताळा अभयारण्यात, डोंगराच्या वाटीत चंडिकादेवीचं जुनं दगडी देऊळ. आणि तिथलं एक भारी प्रकरण म्हणजे जुने गणिती भास्कराचार्य. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला होता, तसा शिलालेखच आहे पाटणला. याचा नाटकाशी काय संबंध ते पाचव्या पायरीत सांगते. फक्त अभयारण्य आहे म्हणून वनविभागाला आधी पत्र द्या, संध्याकाळनंतर आवारातच रहा, लाऊडस्पीकर तर विसराच.

अजिंठा मुक्कामाला नाही, जाता-येता दिवसभरासाठी ठीक. आणि सोमवारी अजिंठा बंद असतं! हे मी ठळक सांगते कारण पहिल्या वर्षी मी ३६ पोरं घेऊन सोमवारी सकाळी साडेनऊला फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरले होते. चूक शंभर टक्के माझी, तारीख मीच काढलेली. पोरांनी काही बोललं नाही पण ड्रायव्हर दादांनी माझ्याकडं जे बघितलं ते अजून आठवतं. दुसरं म्हणजे आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, टी-पॉइंटला लावून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसनं जायचं असतं, त्याचं भाडं आणि वेळ दोन्ही धरा.

राहायची जागा फोनवर पक्की करू नका. एक रविवार काढा, जा, शक्य झालं तर एक रात्र झोपून बघा. संडास किती, त्यातल्या किती चालू कड्या, पाणी टाकीत चढतं का टँकर येतो, मुलींची झोपायची सोय वेगळ्या मजल्यावर किंवा वेगळ्या खोल्यांत आहे का आणि तिला आतून कडी आहे का, आवाराला कंपाउंड आहे का, रात्री लाईट गेली तर काय, कुठल्या कंपनीची रेंज येते. मग हॉल. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, टाळी परत आली की समजा इथं पोरांचा एक शब्द कळणार नाही. पत्र्याचं शेड, उंच मंगल कार्यालय हे सगळं घुमतं. त्यापेक्षा झाडाखालचं सारवलेलं अंगण परवडलं. फसलेल्या दोन शिबिरांपैकी एक याच्यानंच फसलं, चकाचक टाइल्सचा हॉल होता आणि दोन दिवस मी नुसती शांत बसा शांत बसा ओरडत होते.

पायरी ३: कागद, पैसे, पालक

कागदांचं पटकन सांगते. मुख्याध्यापकांची मंजुरी, पालक-शिक्षक संघाचा ठराव, शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडं परवानगीचा प्रस्ताव (निदान महिनाभर आधी द्या, ऐनवेळी सही करणारे साहेब मिटिंगला गेलेले असतात), प्रत्येक पालकाचं सहीचं संमतीपत्र, पोरांची यादी फोन नंबरसकट, विमा. परवानगीसोबतच्या अटी दरवर्षी ऑफिसातून नवीन मागून घ्या, जुन्या झेरॉक्सवर जाऊ नका. आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाचं पण बघावं लागतं, यावल, धुळे, नंदुरबार, तळोदा जे तुमचं असेल ते. गाडी शक्यतो एसटीचीच घ्या, शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत आहे, आगारात मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आणि यादी घेऊन जायचं. डिसेंबरात सगळ्या शाळा एकदमच जातात त्यामुळे गाडीचं बुकिंग आधी, बॅनर नंतर.

पैशाचं एक करा. वर्गात उभं करून कोणी भरले कोणी नाही असं विचारू नका. मी प्रत्येकाला बंद पाकीट देते, ज्याला जेवढे जमतात तेवढे टाकून परत द्यायचं, आत कमी असले तरी पाकीट सगळ्यांचं सारखंच दिसतं. कमी पडतील ते गावातल्या दोन-तीन माणसांकडून, कोणी गहू देतं, कोणी तेलाचा डबा. आणि परत आल्यावर आठ दिवसांत हिशोब नोटीस बोर्डावर.

पालकांची मिटिंग संध्याकाळी सातनंतर घ्या, लोकं शेतातून येऊ द्या. आईला बोलवाच, मुलीला पाठवायचं का नाही ते तिच्या हातात नसलं तरी बॅग तीच भरते आणि तिला पटलं की अर्धं काम झालं. एक प्रश्न हमखास येतो, मॅडम नाटक-बिटक कशाला, आधीच पोरगं घरी नाटकं करतं! सगळे हसतात. तेव्हा भाषण देऊ नका व्यक्तिमत्त्व विकासाचं. मी तिथल्याच चार जणांना उभं करते आणि म्हणते, काका तुम्ही बैल विकणारे, दादा तुम्ही घेणारे, दोन मिनिटं भाव करा. खान्देशातला माणूस भाव करायला लागला की विसरतो मिटिंग आहे ते. एकदा दोघं एवढे रंगले की खोट्या बैलाचे दात बघून झाले, शेपूट वर करून झाली. मग म्हणते, हेच करायला नेतेय पोरांना. सह्या होतात.

मोठी माणसं किती, तर दर दहा पोरांमागं निदान एक, मुली असतील तर दोन बायका हव्यातच, एक नाही, कारण एक आजारी पडली तर काय करणार. बाहेरून कोणी नाट्यप्रशिक्षक बोलवणार असाल तर त्याच्या ओळखीवर जाऊ नका, त्यानं आधी कुठल्या शाळेत काम केलंय तिथं फोन करून विचारा, आणि कितीही मोठा असू द्या, पोरांसोबत तो एकटा थांबणार नाही, आपल्यातलं कोणीतरी कायम हजर. हा नियम आपल्याला पण लागू, मला पण. बंद खोलीत एक मोठा आणि एक पोरगं असं कधीच नाही. पॉक्सो कायदा (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) २०१२ पासून आहे, सोबतच्या सगळ्यांना निघायच्या आधी तो समजावून सांगा, आणि पोरांना १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करायला लावा.

पायरी ४: तब्येत, बॅग, जेवण

तब्येतीचा फॉर्म भरून घेताना नुसतं "आजार: नाही" असं लिहून आलं तर विश्वास ठेवू नका. आईला बाजूला घेऊन विचारा. दमा, फिट, कानाचं, अंथरुणात होणं (नववीतल्या पोराला पण होतं आणि ते भीतीनं येतच नाही, त्याला कोपऱ्यातली जागा आणि जास्तीची चादर गुपचूप द्यायची, विषय संपला).

आणि सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आपल्या आदिवासी पोरांमध्ये हा आजार आढळतो आणि नवीन शिक्षकांना त्याचं काही माहीत नसतं. थंडी, पाणी कमी पिणं, फार दमणं याच्यानं त्या पोराला एकदम हाडं-सांधे दुखायचा झटका येतो, खूप दुखतं. म्हणजे शिबिरात आपण जे जे करतो तेच नेमकं. अशा पोराला दिवसभर पाणी पाजत रहा, थंड पाण्यानं आंघोळ नाही, रात्री दोन ब्लँकेट, पळापळीच्या खेळात त्याला टाळ्या मोजायचं काम. आणि पोरगं म्हणालं पाय दुखतात तर कृपा करून नाटकं करू नको असं म्हणू नका, ताबडतोब दवाखाना. १०८ ची गाडी डोंगरात यायला किती वेळ लागेल हे जागा बघायला जाल तेव्हाच जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून ठेवा.

मुलींसाठी पॅड, जुने पेपर आणि झाकणाचा डबा संडासाजवळ आधीच ठेवून द्यायचा, कोणाला मागायला लागू नये. बॅगेत टॉर्च, स्वेटर, टोपी, ताट-वाटी-पेला, सैल पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅकपँट. जीन्स नको, जीन्समध्ये खाली बसता येत नाही नीट. मोबाईल कोणीच आणायचा नाही, संध्याकाळी सात ते साडेसात आमच्या फोनवरून घरी बोलायचं, तेवढं पुरतं. खरं सांगू का, पहिल्या दिवशी रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं विसरून जातात.

जेवणात पहिल्या रात्री साधी खिचडी-कढी. घाटातून आलेलं पोट असतं, तिथं शेवभाजीची लाल तर्री वाढली की रात्रभर संडासाच्या रांगा. शेवभाजी दुसऱ्या दुपारी. आणि दुसऱ्या संध्याकाळी भरीत, हे मात्र चुकवू नका. डिसेंबर-जानेवारीत आपली हिरवी भरताची वांगी जोरात असतात, कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सालं काढायची, मिरची-लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायची. हे काम पोरांना द्या. सहा जण गोल बसून ठेचतात आणि आपोआप त्याला ताल येतो, धप धप धप, मग कोणीतरी त्यावर आवाज लावतं, आणि बाकीचे धरतात. तुमचा आवाजाचा तास तिथंच झाला, वेगळा घ्यायला नको.

पायरी ५: नाटकाचं काय करायचं

पहिली गोष्ट, स्क्रिप्ट नेऊ नका. माझं दुसरं फसलेलं शिबिर स्क्रिप्टनं फसलं. हुंडाबळीवरची एकांकिका नेलेली, नऊ पात्रं, म्हणजे २७ पोरं बघत बसलेली, ज्यांचं पाठांतर चांगलं तेच पुन्हा पुढं, जे शाळेत मागच्या बाकावर ते इथं पण मागं. माईक पण नको. निवड चाचणी तर नकोच नको.

पहिली संध्याकाळ, फार तर दीड तास. गोल उभं रहा, तुम्ही पण गोलातच. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि सोबत घरी रोज करतो त्यातलं एक काम हातानं करून दाखवायचं, शेण काढणं, मोटर चालू करणं, भाकरी थापणं, सगळ्यांनी ते नाव आणि ती हालचाल परत करायची. मग नुसतं चालणं. हॉलभर चालायचं, कोणाला धक्का नाही, मी टाळी वाजवली की थांबायचं, दोन टाळ्या की चाल बदलायची, उशीर झालाय अशी चाल, डोक्यावर हंडा आहे अशी चाल, घरी बाप चिडलेला आहे आणि आपण मागच्या दारानं शिरतोय अशी चाल. शेवटी एक ते वीस मोजायचं, कोणी ठरवायचं नाही, कोणीपण एकानं एक आकडा बोलायचा, दोघं एकदम बोलले की परत एकपासून. ही मोजणी पहिल्या दिवशी सात आकड्याच्या पुढं जात नाही. जाऊ देऊ नका असं म्हणत नाहीये मी, जातच नाही.

मुलं-मुली हा मुद्दा येणारच. नववीच्या मुलाला मुलीचा हात धर म्हणालात तर तो कान लाल करून उभा राहील, बाकीचे खिदळतील, आणि गावात जे व्हायचं ते होईल. त्यासाठी कपाशीची वाळलेली काडी घ्यायची, हातभर लांब. एक टोक एकाच्या बोटाच्या शेंड्यावर, दुसरं दुसऱ्याच्या. पकडायची नाही, दोघांनी हलकं दाबून धरायची आणि चालायचं, बसायचं, उठायचं, वळायचं, काडी पडली नाही पाहिजे. कोणी कोणाला हात लावत नाही आणि तरी दोघांचं पूर्ण लक्ष एकमेकांकडं. हसणं तीन मिनिटांत बंद होतं, कारण हसलं की काडी पडते. जाताना ४० काड्यांची मोळी बांधून न्या, मोडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर. पाटणादेवीला असाल तर भास्कराचार्यांचा मोर-सापाचा हिशोब कराच, आणि त्यासाठी गणिताच्या सरांना गोड बोलून सोबत न्या. त्यांच्या लीलावती या ग्रंथातलं ते गणित असं आहे, नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, आणि साप खांबापासून २७ हातांवरून बिळाकडं निघालाय. मोर तिरपी झेप घेतो, दोघं सारखंच अंतर कापतात, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? आम्ही मैदानात चुन्यानं नऊ हातांची रेघ मारली, तोच आडवा झोपवलेला खांब, तिला काटकोनात २७ हातांची दुसरी. एक मुलगी साप, एक मुलगा मोर, बाकी सगळे टाळ्या, एका टाळीला एक हात. मोराला आधीच ठरवायचंय कुठं झेपावायचं, मध्ये वाकडं वळायचं नाही. पहिले चार मोर चुकले. पाचव्यानं जमिनीवर बसून काडीनं खरडून हिशोब केला आणि सांगितलं बिळापासून १२ हात, म्हणजे दोघंही १५ हात जातील. टाळ्या सुरू झाल्या. बाराव्या टाळीला सापाच्या रेघेवरून सरकणारी ती मुलगी थांबली, मान वळवून तिनं मोराकडं बघितलं, आणि परत निघाली, पण आता हळू, जणू तिला कळलंय की बीळ अजून लांब आहे. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. टाळ्या वाजवणारे हात तिथंच हवेत थांबले. गणित चुकलं तेवढ्यापुरतं, सर चिडले थोडे. मी काही बोलले नाही.

दुपारी जेवणानंतर तासभर झोपू द्या. खरंच. मग थांबलेली चित्रं करा, सहाचा गट, दहा मिनिटं, विषय "बाजाराचा दिवस" किंवा "लाईट आली" असा साधा, सगळ्यांनी एका क्षणात गोठून उभं राहायचं. मी कोणाच्या खांद्याला काडी लावली की त्यानं त्या घडीला मनात काय चाललंय ते एक वाक्य बोलायचं. आणि इथंच भाषेचं सांगते.

आपली पोरं शाळेत गप्प असतात त्याचं अर्धं कारण आपणच आहोत. घरी अहिराणी, लेवा बोली, पावरी, भिली, गुजर बोली, आणि शाळेत आलं की शुद्ध बोल शुद्ध बोल. बहिणाबाईंची कविता तासाला शिकवायची आणि त्याच मातीतलं पोरगं बोललं की दुरुस्त करायचं, हे मी स्वतः कितीतरी वर्षं केलं. शिबिरात पहिल्याच संध्याकाळी जाहीर करून टाका, इथं घरची भाषा चालेल, आणि मग स्वतः दोन वाक्यं चुकत-माकत त्यांच्या भाषेत बोला, पोरं हसतील, हसू द्या. मागच्या वर्षी एक मुलगी, वर्षभरात माझ्या तासाला तिनं हात वर केलेला मला आठवत नाही. चित्र होतं कापूस विकायला आलेल्या माणसाचं. ती बाप झाली होती. समोरचा पोरगा व्यापारी, त्यानं म्हटलं ओला आहे माल. तिनं काही न बोलता हवेतला कापूस मुठीत घेतला, दाबला, मूठ उघडून बघितली, परत गोणीत टाकला आणि म्हणाली, "तोल ना भो, सकायपाईन उभा शे मी." (तोल ना भाऊ, सकाळपासून उभा आहे मी.) आवाज चढवला नाही, हात पण जोडले नाहीत. व्यापारी झालेल्या पोराला पुढं काय बोलावं तेच सुचेना. तो खरा दुसरा दिवस.

एक सावधगिरी मात्र. पोरं मोकळी झाली की घरचं बाहेर येतं, कर्ज, दारू, मारहाण, कोणाच्या घरी त्याहून वाईट. आपण डॉक्टर नाही. कोणालाही तुझी खरी गोष्ट सांग असं म्हणायचं नाही, गोष्ट कायम दुसऱ्या कोणाची, नाव बदललेलं, गाव बदललेलं. कोणी रडलं तर सीन थांबवून पाणी, बाजूला मॅडम, बाकीच्यांना काडीचा खेळ. आणि काही गंभीर कळलं तर ते स्टाफरूमच्या गप्पांत जाऊ द्यायचं नाही, मुख्याध्यापकांना सांगून पुढची कायदेशीर पायरी घ्यायची.

दुसरी रात्र. भरीत-भाकरी झाली की शेकोटीभोवती (परवानगी असेल तिथंच, जंगलात नसते, तिथं दोन कंदील) गटागटानं पाच-पाच मिनिटं जे सापडलंय ते दाखवायचं. बक्षीस नाही, नंबर नाही, पाहुणे नाहीत, संस्थेच्या अध्यक्षांना बोलवायचा मोह आवरा. बघायला आपणच, स्वयंपाकाच्या मावशी आणि ड्रायव्हर दादा. एक ते वीस त्या रात्री परत खेळून बघा. आमचं गेल्या वेळी एकोणीसला तुटलं, आणि पोरांनी साडेदहापर्यंत सोडलं नाही.

पायरी ६: रात्र आणि परतीचा दिवस

रात्री हजेरी झोपायच्या आधी एकदा, आणि दोन वाजता टॉर्च घेऊन एकदा, डोकी मोजायची. मोठ्या माणसांनी पाळ्या लावून जागायचं, सगळे एकदम झोपू नका. अनवाणी बाहेर कोणी जाणार नाही, विंचू-साप असतात, बूट घालायच्या आधी झटकायचे. भुताच्या गोष्टी होणारच, फक्त लहानखुऱ्या पोराला टार्गेट करून घाबरवणं चाललंय का ते बघा. पहिल्या रात्री एखादं पोरगं घरची आठवण काढून रडतं, त्याला लगेच फोन लावून देऊ नका, आई पण रडते आणि मग आवरत नाही. त्याला सकाळच्या चहाचं काम द्या, उद्या पाचला मावशींसोबत चूल तूच पेटवायची असं सांगा. झोपतं. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयाचे सुपरिटेंडेंट होते तेव्हा पोरांची अंथरुणं-पांघरुणं सुद्धा स्वतः बघायचे असं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दोन रात्री हे काम केलं की कळतं ते किती दमवणारं असेल.

तिसऱ्या दिवशी नवीन काही सुरू करू नका. झाडलोट, सामान, प्रत्येकानं एक कागद लिहायचा, नाव न घालता, काय आवडलं नाही ते आधी. हे कागद वाचा, चिडू नका. माझ्याकडं एकदा एवढंच लिहून आलेलं, "मॅडम तुम्ही फार वेळा छान म्हणता."

शाळेत परतलं की मुख्याध्यापक म्हणणारच, ते शिबिरातलं गॅदरिंगला बसवा. माझं मत, नका बसवू. स्टेजवर माईकपुढं आणलं की ती मुलगी परत सिरीयलसारखं बोलायला लागेल. फारच आग्रह झाला तर थांबलेली चित्रं तेवढी करा, त्याला माईक लागत नाही.

आणि गाडी गावात पोचायची वेळ पालकांना एक तास उशिराची सांगा, घाटात, फाटकावर कुठंतरी वेळ जातोच. पोरगं पालकाच्या ताब्यात देताना यादीवर सही घ्या, शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर बसवून देऊ नका, भले रात्रीचे नऊ वाजोत. शेवटचं पोरगं गेलं की गाडीत परत चढून सीटखाली बघा, एक चप्पल, दोन स्वेटर आणि निम्म्या मोडलेल्या काड्या निघतात. स्वेटर ऑफिसात ठेवा. काड्या ड्रायव्हर दादांनी मागितल्या तर देऊन टाका, आमच्याकडं त्यांनी मागितल्या होत्या, घरी पोराला दाखवतो म्हणाले.